ग्लोगदोलात दोरा झाडाला बांधत नाहीत

पाहुण्यांनो, झऱ्यावरचं हे रानटी आलुबुखाऱ्याचं झाड नीट बघून घ्या. मैदानातून इथवर चढून येताना तुम्हाला कुंपणाकुंपणाशी, फुललेल्या फांद्यांना लाल-पांढरे दोरे लोंबताना दिसले असतील. वसंतात बल्गेरियात कुठेही गेलात तरी ते दिसतात. या झाडाला मात्र एकही दोरा नाही. खाली गावात उतरलात तरी एकाही झाडाला सापडणार नाही. आमच्या ग्लोगदोलात दोरा दगडाखाली ठेवतात.

असं का, ते सांगतो. काही भाग लोक सांगतात तसा सांगेन आणि काही मी पाहिला तसा. सांगताना आवाज चढला तर राग मानू नका.

मार्च महिन्याला आम्ही मार्ताआजी म्हणतो. ही म्हातारी लहरी. घडीत ऊन देते, घडीत बर्फ टाकते. तिची नजर निवावी म्हणून महिना लागताच घरातली मोठी बाई लाल आणि पांढरी लोकर पिळून सगळ्यांच्या मनगटाला बांधते. मग पहिला करकोचा दिसेपर्यंत तो दोरा सोडायचा नाही. दिसला की सोडायचा आणि जवळच्या फुललेल्या झाडाला बांधायचा. ज्यानं बांधला तो वर्षभर सुखरूप राहतो, असं सांगतात.

आता व्हेल्कोचं. तो माझा थोरला भाऊ. थोरल्या भावाला आमच्याकडे बाते म्हणतात, मी त्याला तेच म्हणायचो. तो जन्मला तेव्हा म्हणे डोंगरात लांडगे ओरडले. आई म्हणते, लांडगे कुठले, शेजाऱ्याचं कुत्रं रात्रभर रडत होतं. आमचं घर लोकर रंगवणाऱ्यांचं. बातेचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. मिसरूड फुटायच्या आत तो डॅन्यूब नदीपलीकडे कामाला गेला आणि परत आला तो पोटाशी झेंडा गुंडाळून. सुलतानाचं राज्य घालवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. आमच्या गल्लीतल्या राडाकाकूनं त्याला भर रस्त्यात ऐकवलं होतं, "राज्य घ्यायला निघालास, आधी आईचं छप्पर तरी शाकार!" तो हसून म्हणाला, "काकू, राज्य येऊ दे, सुलतानालाच चढवतो छपरावर."

हसत हसत त्यानं माणसं जमवली. भाकरी आणि सुरी समोर ठेवून त्यांनी शपथ घेतली आणि त्याला आपला पुढारी केलं. खिंडीत त्यांनी कैद्यांचा तांडा सोडवला. तेव्हा म्हणे बातेनं नुसती हाक मारली आणि शिपायांच्या हातातल्या बंदुका गळून पडल्या. मला हे खरं वाटत नाही. पण ते कैदी आपापल्या घरी पोचले, हे खरं आहे.

त्या हिवाळ्यात टोळी या झऱ्यामागच्या गुहेत उतरली. फेब्रुवारी संपता संपता आईनं त्यांच्यासाठी दोरे पिळले. बोटाएवढे जाड, कारण बर्फात बारीक दोरा कुजतो. बातेच्या दोऱ्यात तिनं एक निळा धागा घातला, दृष्ट लागू नये म्हणून. सगळे दोरे मोठ्या पावात खुपसून धनगराच्या हाती वर पाठवले. धनगर परत आला आणि दोनच दिवसांनी शिपायांनी गाव वेढलं. त्यांचा अंमलदार रिफात आगा चर्चसमोरच्या घरात उतरला. पहिल्याच दिवशी त्यानं घंटेचा दोर काढून घेतला. कुणी गावाबाहेर जायचं नाही, झऱ्याकडे तर नाहीच. पाणी खालच्या विहिरीवरून आणायचं.

पोरांचे हात धरून बायका विहिरीवर जात होत्या, तेव्हा एका सकाळी करकोचा आला. गावावरून फिरला आणि झऱ्यावरून पलीकडे गेला. कुणी दोरा सोडला नाही. कुणाचं मनच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि राडाकाकूनं आमचं दार वाजवलं. तिनं नुसतं वर दाखवलं. हे झाड तेव्हा पांढरंशुभ्र फुललेलं होतं. त्या पांढऱ्यावर लाल ठिपके होते.

वर काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणे बातेनं सगळ्यांना बजावलं होतं की गुहेबाहेर काही खूण ठेवायची नाही, आणि त्याचा डोळा लागल्यावर पोरांनी येऊन दोरे बांधले. लोक असं सांगतात कारण त्यांना पुढारी शहाणा हवा असतो. निळा धागा असलेला दोरा मी पुढे हातात घेतला आहे. तो सगळ्यांत उंच फांदीला होता. माझा बाते लहानपणी करकोचा बघून चपला सोडून धावायचा. सगळा हिवाळा दगडात काढल्यावर त्याला करकोचा दिसला. त्यानं दुसरं काय करायचं होतं? आमच्यातल्या कुणीही तेच केलं असतं.

आता गावातून वर दिसत होतं आणि वर जाता येत नव्हतं. हाक मारली तर शिपायांना कळणार. घंटेला दोर नाही. वारा सुटावा, दोरे उडून जावेत म्हणून पाद्री प्रार्थना करत होते. वारा सुटला तो फुलं गळण्यापुरता, आणि फुलं गळाली तसे दोरे जास्तच दिसू लागले. सगळं गाव मान खाली घालून चालत होतं. आपण वर बघितलं तर शिपाईही बघतील, ही भीती.

तेव्हा आई म्हणाली, "आपणही बांधू या. सगळ्या झाडांना दोरे असले की त्या एका झाडाकडे कोण बघतंय?"

सगळ्यांना ते पटलं. मला तर इतकं पटलं की मी पहिला धावलो. दुपारपर्यंत गावातली सगळी झाडं, कुंपणाची झुडपंसुद्धा, लाल-पांढरी झाली. शिपायांना गंमत वाटली. एका कोवळ्या शिपायानं आपलाही हात पुढे केला आणि एका आजीनं त्यालाही दोरा बांधला. कितीतरी दिवसांनी माणसं हसली.

मग रिफात आगा बाहेर आला. चांगल्या स्वभावाचा दिसत होता, हे सांगायला हवं. त्यानं राडाकाकूला विचारलं, "बाई, आज काय सण आहे?"

काकूला तेवढंच हवं होतं. "सण नाही आगा, करकोचा आला. दिसला की ज्यानं त्यानं जवळच्या झाडाला दोरा बांधायचा. बांधल्याशिवाय आमच्या लोकांना चैन पडत नाही."

"दुसऱ्या कुणी बांधला तर चालतो?"

"छे! ज्याचा त्यानंच बांधायचा."

आगानं हसून मान डोलावली. मग तो एकेक झाड कौतुकानं बघत चालला. विहिरीजवळचं झाड, चर्चजवळचं, गिरणीजवळचं. गिरणी संपली तिथे त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि वर पाहिलं.

"आणि ते?"

"गेल्या वर्षीचे असतील," काकू म्हणाली.

"बर्फातून निघालेला रंग एवढा लाल राहतो?"

आमची आई रंगारीण. रंग कसा विटतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

मी धावलो. गिरणीपर्यंतही पोचलो नाही. एका शिपायानं बंदुकीचा दस्ता हाणला. पुढे सगळ्या गावाला चर्चमध्ये कोंडलं. भिंती जाड, खिडक्या उंच. मी ओरडत होतो, "बाते, पळ! बाते, पळ!" घसा फुटेपर्यंत ओरडलो. मला धरून बसलेला म्हातारा गिरणीवाला म्हणाला, "बाळा, माझ्या कानाशी ओरडतोयस, तरी मला गोळ्याच ऐकू येतायत." आई ओरडली नाही. ती आपल्या मनगटावरचा दोरा बोटांत फिरवत होती. गावाला शहाणपण सांगण्याच्या गडबडीत तिनं स्वतःचा दोरा बांधलाच नव्हता.

गोळ्या थांबल्या तेव्हा ऊन अजून होतं.

लोक म्हणतात, कुणीतरी फितूर झाला. फितूर कुणीही नव्हतं. लोक म्हणतात, पुढाऱ्याचं प्रेत सापडलं नाही, तो करकोचा होऊन उडाला आणि दर वसंतात गावावरून फिरून जातो. मी त्याला या झऱ्याशी पाहिलं आहे, पाण्यात त्याचे हात पुन्हा कोपरापर्यंत लाल झाले होते. तो करकोचा झाला नाही.

पुढे रशियाचं सैन्य आलं, लढाई झाली, राज्य गेलं. बातेला हवं होतं ते सगळं झालं. त्याच्यावाचून झालं.

त्या वर्षापासून गावानं झाडाला दोरा बांधणं सोडलं. आजही करकोचा दिसला की ग्लोगदोलातली माणसं दोरा सोडतात, दगड उचलतात, खाली ठेवतात आणि दगड परत बसवतात. दुसऱ्या गावांत थोड्या दिवसांनी दगड उलटून शकुन बघतात. मुंग्या दिसल्या तर वर्ष चांगलं. आमच्याकडे कुणी दगड उलटत नाही.

आणि आजही मार्च लागला की माझी आई मनगटाला नवा दोरा बांधते आणि महिनाभर मान वर करत नाही. खाली गेलात की पहिलंच घर आमचं आहे. लोकर घ्या तिच्याकडून, पण यातलं काही विचारू नका. करकोचे येतात, आमच्याच धुराड्यावर घरटं करतात, चोची वाजवतात. मी म्हणतो, "आई, बघ, आला."

ती सूत पिळत म्हणते, "कुठे? मला नाही दिसला."

करकोचा दिसला नाही तर दोरा सोडायचा नसतो. तिचे सगळ्या वर्षांचे दोरे तिच्या हातावरच आहेत. यंदाचा कोपराला लागला.