हणमक्काचा मांजऱ्या

किती पिढ्यांपूर्वीची गोष्ट, ते कुणी नेमकं सांगत नाही. ढवळटेक गावात तेव्हा एकही विहीर नव्हती, एवढं मात्र सगळे सांगतात. बायका कोसभर चालून ओढ्यातले झिरे उपसायच्या, आणि उन्हाळ्यात तेही आटायचे.

म्हणून शिदोजी पाटलांनी विहीर पाडायला वडारांचा तांडा बोलावला. त्या तांड्यात हणमक्का आणि तिचा नवरा तिमण्णा होते. तिमण्णा घण घालायचा, हणमक्का दगड ओळखायची. ओला तळवा दगडावर ठेवून, डोळे मिटून ती त्याचा पोत सांगायची. असं म्हणतात, की दगड तिच्याशी खोटं बोलत नसे.

पाच परस खोल गेल्यावर दगड बदलला. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसू लागले, मांजराच्या अंगावर असतात तसे. हणमक्का वर आली आणि म्हणाली, "पाटील, मांजऱ्या लागला. हा उभा तासू नका. ऊन-वारा लागला की भुगा होतो. बाजू उतरत्या घ्या, नाहीतर ढासळेल."

पाटलांनी वरूनच वाकून पाहिलं. "काळाच तर दिसतोय. दगड तो दगड. सरळ खाली जाऊ द्या."

तांडा सरळ खाली गेला. नवव्या दिवशी दुपारी विहिरीची एक बाजू सुटली. तिमण्णा खाली होता.

हणमक्काने दोन दिवस स्वतःच्या हाताने दगड उचलले आणि त्याला बाहेर काढलं. ती रडली नाही, कुणाला शिव्याशापही दिले नाहीत. तांडा पुढच्या गावाला गेला, ती मात्र तिथेच राहिली. अर्धवट विहिरीच्या काठावर खोप घालून जाती-पाटे टाकवून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खडबडीत करून, ती पोट भरू लागली. पाटलांचा पाटा तेवढा तिने कधी हातात घेतला नाही.

मग सलग दोन वर्षं पाऊस हुकला. झिरे कोरडे पडले. गुरं मेली. लोकांनी गाड्या भरायला घेतल्या. तेव्हा शिदोजी पाटील अनवाणी तिच्या खोपीशी आले.

"हणमक्का, चूक माझी होती. आता तू सांगशील तसं."

हणमक्काने त्यांच्यापुढे तीन दगड मांडले. "डोळे मिटा. तळवा ओला करा. मांजऱ्या कुठला, सांगा."

पाटलांनी पहिल्यावर हात ठेवला. चुकले. "हा एकसंध काळा," ती म्हणाली. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भोकाभोकाचा दगड उचलला. "ही जाळी. हिची भोकं रिकामी आहेत. भोकात पांढरी गारगोटी भरलेली असली तरच मांजऱ्या म्हणायचं. दिसेल त्याला नाही. उद्या या."

गाव भरलेल्या गाड्यांपाशी थांबून होतं. तिसऱ्या दिवशी तिने दगडांच्या जागा बदलल्या. पाटलांनी बराच वेळ हात फिरवला. गुळगुळीत गारगोटी बोटांना लागली, तिच्याभोवतीचा दगड नखाने सुटला. "मांजऱ्या," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. "ह्यानेच तिमण्णा गेला."

"त्याने नाही," हणमक्का म्हणाली. "तुम्ही त्याला काळा म्हणालात, त्याने गेला."

मग तिने पदर खोचला आणि नवरा गेला त्याच विहिरीत उतरली. आधी तिने बाजू उतरत्या करून घेतल्या, त्यांत पायऱ्या पाडून घेतल्या. मग ती म्हणाली, "पाणी खाली नाही. मांजऱ्या जिथे काळ्यावर टेकतो, तिथे ते आडवं चालतं." ती एकटीच आडवी खणत गेली. असं म्हणतात, की सात दिवस तिच्या सुतकीचा, दगडफोडीच्या हातोड्याचा, आवाज कोरडा येत होता, आणि आठव्या दिवशी सकाळी तो ओला झाला.

पाणी आलं. हणमक्का चढून वर येऊ लागली, तसं पाणीही तिच्यामागून चढू लागलं. ती एक पायरी वर, पाणी एक पायरी वर. तिची टाच मात्र भिजली नाही. भिंतीतले पांढरे ठिपके ओले होऊन मांजराच्या डोळ्यांसारखे चमकत होते, असं म्हणतात.

पुढे ती बरीच वर्षं जगली. पाटलांचा पाटाही तिने टाकवून दिला.

ढवळटेकात अजून पाया खणायचा असो की विहीर, घरातलं कुणीतरी आधी ओला तळवा दगडावर ठेवतं, डोळे मिटतं आणि त्याचं नाव मोठ्याने सांगतं. त्याशिवाय पहार पडत नाही. अलीकडे एक साहेब बोअरचं यंत्र घेऊन आले, तेव्हा त्यांनाही बायकांनी अडवलं.

"दगडाचं नाव सांगा," एक म्हातारी म्हणाली.

"बेसॉल्ट," साहेब म्हणाले.

"ते झालं आडनाव, बाबा. नाव सांगा."

साहेबांनी यंत्र बंद करायला लावलं, आणि हात ओला करायला पाणी मागितलं.