निसटलेल्या माशाचं माप

ठेवा बरं विश्वास माझ्या एका तरी शब्दावर! नाही ठेवणार, मला ठाऊक आहे. नका ठेवू. नुकसान तुमचंच.

फार फार मागं, नदीकाठी एक गाव होतं. तिथली एक रीत होती. गळाला लागलेला मासा ज्याच्या हातून निसटला, त्यानं तो काठावर हात पसरून दाखवायचा. मग बाकीच्यांनी आपापल्या टोपलीतली तेवढी मासळी त्याला द्यायची. कुणाची चूल थंड राहू नये, म्हणून.

त्या गावात झिपरू नावाचा गडी होता. त्यानं काय करावं? गळ टाकणंच सोडलं! दिवसभर होडीत घोरायचा अन् संध्याकाळी काठावर येऊन हात पसरायचा. आधी वीतभर, मग हातभर.

एका संध्याकाळी त्यानं हात ताणता येतील तेवढे ताणले. "एऽवढा होता! माझी होडीच पालथी करत होता!"

अन् हात तिथंच राहिले.

खाली येईनात, जवळ येईनात. झिपरूचे डोळेच पांढरे झाले. घरी गेला तर दारात अडकला. शेवटी खेकड्यासारखा आडवा आत शिरला. घास तोंडाशी नेता येईना. पाळण्यात तान्ही लेक रडून लाल झाली, तिला उचलता येईना.

बायको येसू म्हणाली, "अवो, वाळत घातलेल्या जाळ्यागत काय उभे? चला, मासा जिथं निसटला म्हणता, त्या डोहालाच विचारू."

येसूनं होडी वल्हवली. डोहाशी पोचले, तर पाणीच दिसेना! या काठापासून त्या काठापर्यंत नुसता मासा. एकेक डोळा परातीएवढा.

"आलास का लबाडा?" मासा गरजला. "बोटभर होतो मी, सुखात होतो. तू तिकडं हात पसरतोस अन् मी इकडं लांबतो! आता कूस बदलायला जागा नाही. आणखी पसरलास तर डोह फुटेल, अन् पहिलं तुझंच घर वाहून जाईल."

झिपरू डोळे फाडून माशाकडं बघत राहिला. येसू मात्र माशाकडं नाही, नवऱ्याकडं बघत होती. "म्हंजे, कधी निसटलाच नव्हता?"

"पहिला निसटला होता गं," झिपरू पुटपुटला. "हाच. बोटभर."

"मग तेवढंच गावाला सांग," मासा म्हणाला.

झिपरू दारोदार गेला. "दादा, तुमची मरळ मी फुकट खाल्ली." हात वीतभर जवळ आले. पुढच्या दारी आणखी थोडे. शेवटचं दार एका म्हातारीचं. ती म्हणाली, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं, मेल्या! पण तुझ्या घरात बाळंतीण, म्हणून देत होते."

हे ऐकलं अन् झिपरूचे दोन्ही तळवे आपसूक जुळले. तसाच हात जोडून तो रडला. मग पळत घरी गेला आणि लेकीला उचललं.

डोहात पुन्हा पाणी दिसू लागलं. झिपरू गळ टाकू लागला. अन् आता खरंच मासा निसटला, तर हात पाठीमागं बांधून नुसत्या तोंडानं सांगतो.

म्हणून सांगते, खोटं जेवढं पसराल, तेवढं आपल्याच हातानं गोळा करावं लागतं.

बघताय काय? टळा आता इथनं! अन् हात आवरून जा, दारात अडकाल.