पंपावर नाव कोणाचं?

अनेक देशांतल्या ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्चसंस्था, मिळून एक सेवासंस्था चालवत. कुठल्याही कामाला निधी द्यायचा, तर तिच्या समितीवरच्या सगळ्या मंडळ्यांचं एकमत लागे. निमखेडी गावच्या हातपंपाला सगळे राजी होते. पण पंपावर नाव कोणत्या मंडळीचं, यावर घोडं सहा महिने अडलं होतं. तोवर गावातल्या बाया मैलभरावरून पाणी आणत होत्या.

शेवटी समितीच गावात आली. अध्यक्ष उजागरेसाहेब रुबाबात म्हणाले, "आमची मंडळी सर्वांत जुनी. नाव आमचंच लागेल."

बाकीचे सदस्य लगेच हुज्जत घालू लागले. तेव्हा गावच्या एस्तेरबाई शेलार उठल्या.

"साहेब, नाव खुशाल मोठ्या अक्षरांत लिहा. फक्त खाली फोन नंबर टाका. पंप बिघडला की आम्ही साऱ्या बाया नाव वाचून तिथंच फोन करणार. तुम्ही जेवायला बसलेले असलात तरी."

मग शेजारी बसलेले दुसऱ्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नम्रपणे म्हणाले, "उजागरेसाहेब, जुनी मंडळी तुमचीच. मान तुमचा."

"छे, छे," अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "सेवेला नाव कशाला हवं?"

त्याच बैठकीत सगळ्यांच्या सह्या झाल्या. महिन्याभरात पंप बसला आणि एस्तेरबाईंनी पहिली घागर समितीच्या चहासाठी भरली.