विरोधी पक्षनेते शूलपाणी

एका मोठ्या नदीकाठी एक अरण्य होतं. तिथे सगळ्यांना पोटभर मिळतं, असं पूर्वेकडून आलेल्या अस्वलांनी ठरवून टाकलं होतं. ज्याला मिळत नसे, त्याला अस्वलं घरी जाऊन समजावत.

शूलपाणी साळिंदर तेव्हा अस्वलांच्या पक्षाच्या युवा आघाडीत होता. आवाज खणखणीत. कोठाराच्या दाराशी उभा राहून तो विचारी, "धान्य कुणाचं?"

"आपलं!" रांग ओरडे. मग दार बंद होई.

एका हिवाळ्यात अस्वलं चंबूगबाळं आवरून मायदेशी गेली. पक्षाची तातडीची बैठक झाली. नाव बदलायचं ठरलं. खुर्च्या त्याच ठेवायच्या ठरल्या. निवडणुकीनंतर शूलपाणी कोठारमंत्री झाला आणि त्याने कोठार रानडुकरांना विकून टाकलं. याला सुधारणा म्हणतात, हे त्यानेच सगळ्यांना सांगितलं.

शेजारची गोदाकाकू चिचुंद्री भेटायला आली. आईवेगळ्या शूलपाणीला तिनेच लहानपणी भरवलं होतं.

"शूलपाण्या, कोठार आपलं होतं ना रे?"

"काकू, तत्त्वतः अजूनही आपलंच आहे."

"मग तत्त्वतः ओंजळभर गहू दे."

शूलपाणीने टेबलाचा खण उघडला. त्याने तिला पक्षाचा बिल्ला दिला.

पुढच्या निवडणुकीत धूर्जटी कोल्हा "कोठार कुणी विकलं?" एवढंच विचारत फिरला आणि जिंकला. त्याने रानडुकरांकडून कोठार काढून घेतलं, मेहुण्याला दिलं. इकडे शूलपाणीचा पक्ष फुटला, फुटलेला पुन्हा फुटला.

"आता तरी बोल," गोदाकाकू म्हणाली. "नातवंडं झाडांच्या साली उकडून खातायत."

ते मात्र त्याला लागलं. सभागृहात सगळं बोलायचं, अगदी स्वतःचंही, असं ठरवून तो निघाला. दारातच धूर्जटीने त्याला चहाला बोलावलं.

"शूलपाणीराव, कडाडून बोला! तुमच्याशिवाय लोकशाहीला शोभा नाही. विरोधी पक्षनेत्याचा बंगलाही रिकामाच पडलाय. फक्त तेवढं कोठाराचं राहू द्या."

शूलपाणीने गोदाकाकूचा विचार केला. मग बंगल्याचा केला. तो जरा जास्त वेळ चालला.

त्या दिवशी तो अस्वलांवर इतका कडाडला की सत्ताधाऱ्यांनीही बाकं वाजवली. बाहेर गोदाकाकू कान देऊन उभी होती. भाषण संपलं, तशी ती साली गोळा करायला गेली.

पुढची निवडणूक अत्यंत खुल्या वातावरणात पार पडली. पराभूत उमेदवार शूलपाणीरावांचा सत्कार आदल्या दिवशीच उरकून घेतला होता.