मानाच्या गाड्यांचा फडका

एका गावात एक बाई होती. ती कोथिंबिरीची एक जुडी आणायला चारचाकी घेऊन मंडईत जायची. तिथे गर्दीत अडकली की काच खाली करून म्हणायची, "केवढ्या या गाड्या! लोकांना काही कळतच नाही."

ती बाई म्हणजे मी.

परवा कुणीतरी सांगितलं, की आता पेठेत गाडी न्यायची तर पैसे भरावे लागणार. मला फार आनंद झाला. म्हटलं, बरं होईल. बाकीचे यायचे बंद होतील, आणि मला आरामात गाडी नेता येईल.

हे मी सासूबाईंना मोठ्या आवाजात सांगितलं. सांगता सांगताच माझं मला कळलं, की आपण काय बोलतोय. मग विषय बदलायला म्हणून त्यांना एक गोष्ट सांगितली. ती अशी.

माळवेस नावाचं एक नगर होतं. नगराच्या मधोमध पेठ होती आणि पेठेच्या मधोमध महादेवाचं देऊळ. रस्ता अरुंद, त्यात बैलगाड्या बेसुमार. मागचे बैल पुढच्या गाडीतला कडबा खायचे आणि मालक एकमेकांचं डोकं खायचे.

या नगराचे नगरशेठ होते कोंडशेठ. त्यांची एकुलती एक मुलगी राही. तिचं लग्न शेजारच्या गावच्या येसाजीरावांच्या मुलाशी ठरलं होतं. लग्न लागायचं होतं त्याच देवळात. येसाजीराव माणूस मोठा आणि मानी. त्यांनी आधीच बजावलं होतं, "मुहूर्त टळला, तर आम्ही वऱ्हाड घेऊन तसेच परत जाऊ."

कोंडशेठना घोर लागला. एवढ्या गर्दीतून वऱ्हाड देवळापर्यंत पोचणार कसं?

त्यांनी राजाला गाठलं आणि एक नियम करून घेतला. गाडी घेऊन वेशीतून आत यायचं, तर दोन पैसे द्यायचे. चालत येणाऱ्याला काही नाही. जमलेल्या पैशातून रस्ता आणि विहीर दुरुस्त करायची. वेशीवर गेनू नावाचा राखणदार पेटी घेऊन बसला.

लोक आधी कुरकुरले, मग विचार करायला लागले. कुणी दोन घरांचा माल एकाच गाडीत भरला. कुणाला आठवलं, की आपल्याला पाय आहेत. थोड्याच दिवसांत पेठ मोकळी झाली. समोरच्या दुकानात काय मांडलंय ते अलीकडून दिसायला लागलं.

मग येसाजीराव देण्याघेण्याचं बोलायला आले. गेनूने त्यांच्यापुढे पेटी धरली.

येसाजीरावांचा चेहरा उतरला. "दोन पैशांचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "मानाचा आहे. व्याह्याच्या दारात आम्ही पैसे मोजून यायचं?"

कोंडशेठ धावत आले. सोयरीक मोडते की काय, अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी खांद्यावरचं भगवं उपरणं फाडलं आणि त्यातला एक फडका येसाजीरावांच्या बैलाच्या शिंगाला बांधला. गेनूला म्हणाले, "ही मानाची गाडी. हिला सोडायचं. एवढी एकच."

दुसऱ्या दिवशी पुजारी आले. देवाच्या माणसाला मान नाही का? त्यांना फडका मिळाला. मग वैद्य आले. मग कुस्ती जिंकलेला पैलवान आला. मग कुस्ती हरलेला आला. त्याचं म्हणणं, हरलो म्हणून काय अपमान करणार का? कोंडशेठना कुणालाच नाही म्हणता येईना. ज्याला नाही म्हणावं तो लग्नावर बहिष्कार घालणार. शेवटी कोंडशेठनी स्वतःच्या बैलालाही फडका बांधला. नगरशेठच पैसे भरताना दिसला, तर बरं दिसेल का?

मग गंमत झाली. ज्याला पेठेत काही काम नव्हतं, तोही फडका मिरवायला गाडी जुंपून यायला लागला. एकाने तर फडका मिळाला म्हणून गाडी विकत घेतली.

लग्नाचा दिवस उजाडला. देवळात पाण्याने भरलेल्या घंगाळात भटजींनी घटिकापात्र सोडलं. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी. ती भरून बुडाली, की मुहूर्ताची वेळ. राही बोहल्यावर उभी राहायला तयार होती.

कोंडशेठ वऱ्हाडाला वेशीवर सामोरे जायला गाडीतून निघाले. त्यांच्या मागे गावातल्या मानकऱ्यांच्या गाड्या. समोरून येसाजीरावांची गाडी आली. त्यांच्या मागे वऱ्हाडाच्या गाड्या, आणि वऱ्हाडाच्या मागे उगीचच आलेल्या गाड्या. रस्त्याच्या मध्यावर दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून थांबल्या.

आता मागे कोण घेणार?

कोंडशेठनी मागच्या मानकऱ्यांना विनवलं. ते म्हणाले, आधी त्यांना सांगा. वऱ्हाडी म्हणाले, वरपक्ष कधी मागे सरत नसतो. सगळ्या बैलांच्या शिंगांना फडके होते. वाट मात्र कुणालाच नव्हती. गेनूसुद्धा रिकामी पेटी काखेत मारून तिथे आला होता. पैसे देणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून म्हणाला, लग्न तरी बघू.

देऊळ तिथून हाकेच्या अंतरावर होतं. देवळाच्या पायरीवरून राहीने हाक मारलीच.

"आप्पा, वाटी निम्मी भरली. तुम्ही सगळे चालत या की."

कोंडशेठनी येसाजीरावांकडे पाहिलं. येसाजीराव म्हणाले, "आम्ही लग्नाला पायी येत नसतो."

 कोंडशेठ गाडीतून खाली उतरले. त्यांनी आपल्या बैलाच्या शिंगाचा फडका सोडला, बैल सोडले आणि गाडी ढकलत रस्त्याकडेला राहणाऱ्या तेल्याच्या अंगणात नेऊन लावली. सगळ्या गावासमोर त्यांनी गेनूच्या पेटीत दोन पैसे टाकले. पेटी रिकामी होती, त्यामुळे आवाज चांगला मोठा झाला.

मग येसाजीरावांसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "व्याही, पहिला फडका मी तुमच्या बैलाला बांधला. तो तुमच्या मानासाठी नव्हता. मला भीती वाटली म्हणून बांधला. गर्दी तिथून सुरू झाली. आता परत जायचं तर तुम्ही जाऊ शकता."

येसाजीरावांनी मागे वळून पाहिलं. परत तरी कुठे जाणार? मागे वेशीपर्यंत मानाच्या गाड्याच होत्या.

तेवढ्यात नवरदेव मुंडावळ्या सावरत खाली उतरला आणि देवळाकडे चालायला लागला. कुणाला विचारलंही नाही. येसाजीरावांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोंडशेठ, जरा हात द्या. गाडी उंच आहे."

दोघे व्याही हातात हात घालून चालत गेले. मागून सगळं वऱ्हाड चालत आलं. ते देवळात शिरले तेव्हा वाटीत बोटभरच जागा उरली होती. अक्षता वेळेवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे फडके उतरले. आजारी माणसाची गाडी तेवढी तशीच सोडायची ठरली. बाकी पेटी सगळ्यांना सारखी. लोकांना मिरवायला काहीतरी लागतंच, मग ते "आम्ही बाबा चालत आलो" असं मिरवायला लागले.

तात्पर्य: सगळ्यांसाठी केलेल्या नियमातून जो स्वतःला आणि आपल्या माणसांना सोडवतो, तो शेवटी त्याच गर्दीत अडकतो.

सासूबाईंनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. छान आहे म्हणाल्या. मग त्यांनी मला पिशवी दिली आणि कोथिंबीर आणायला सांगितलं.

मी म्हटलं, "आई, पटलंय मला सगळं. उद्यापासून चालतच जाणार. आज फार ऊन आहे, तर आजच्या दिवस गाडी नेते. एवढं एकदाच."

सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "थांब मग. फडका आणते."