झरेश्वराचे कच्चे मडके

सह्याद्रीच्या कुशीतील अंबखोरी गावी श्रीकेवलनाथ महाराजांचा मुक्काम झरेश्वराच्या ओवरीत होता. मोठे जागृत शिवस्थान! पिंडीच्या बुडाशी बारमाही झरा वाहे. त्याच पाण्याने देवाला अभिषेक होई, आणि यात्रेकरू तेच तीर्थ घरोघर नेत.

एका वर्षी महाशिवरात्र चार दिवसांवर आली आणि झरा आटला.

गावभर कुजबूज सुरू झाली. कोणाचे पाप भोवले? जो तो दुसऱ्याकडे संशयाने पाहू लागला. अखेर पुजारी नीळकंठशास्त्री म्हणाले, "सगुणा कुंभारीण देवळामागची माती उकरते. तिनेच झऱ्याची शीर तोडली!"

सगुणा गरीब विधवा. दर सोमवारी देवाला अभिषेकासाठी नवे मडके वाही. पण तिचे ऐकतो कोण? लोकांनी तिची भट्टी लाथाडली, भाजलेली मडकी फोडली. "शिवरात्रीला पाणी आले नाही, तर गाव सोडायचे," असे बजावले. शेजारणींनी दारे लावून घेतली.

ती महाराजांकडे आली. "महाराज, आता माझीच मला शंका येते. खरंच माझ्या कुदळीनं देवाचं पाणी तुटलं असेल का?"

महाराज म्हणाले, "घरात काही उरलंय का, माय?"

"एकच मडकं. तेही कच्चं, न भाजलेलं."

"तेच घेऊन शिवरात्रीला ये."

त्या सकाळी तिच्या हातातले मडके पाहून शास्त्री हसले. "चिखलाचा अभिषेक? महाराज, तुम्हीही हिला सामील दिसता!"

लोक महाराजांकडेही वाकड्या नजरेने पाहू लागले. महाराजांनी शांतपणे कमंडलूतले पाणी मडक्यात ओतले. "धर पिंडीवर."

सगुणेने मडके पिंडीवर कलते धरले. "शंभो, मी तुझं पाणी तोडलं असेल, तर हे इथंच विरघळू दे."

आणि काय आश्चर्य! मडके जसेच्या तसे राहिले. धार पिंडीवर पडताच खालून गुडगुड आवाज आला, पिंडीभोवतीची नवी फरशी तडकली आणि झरा उसळला! झऱ्याचे तोंड त्या फरशीनेच दाबले होते. फरशीवर संशय कोणालाच आला नव्हता. ती शास्त्रींनी स्वतः शिवरात्रीसाठी हौसेने बसवली होती ना!

शास्त्री महाराजांच्या पायांवर वाकले. महाराज मागे सरले. "माझे पाय नव्हेत, शास्त्रीबुवा."

शास्त्रींनी ओल्या सोवळ्यानिशी सगुणेपुढे मस्तक टेकले. "आई, चुकलो. आजपासून शिवरात्रीचा पहिला अभिषेक तुमच्या कच्च्या मडक्याचा."

"उठा शास्त्रीबुवा," ती डोळे पुसत म्हणाली, "पाणी वर येतंय."