आडवा दरबार

करंजवण्याच्या संस्थानात सगुणा नावाची एक चित्रकार होती. संधिवातानं ती अंथरुणाला खिळलेली, म्हणून वर कापड ताणून पडल्या पडल्या रंगवायची. तिचं चित्र दरबारात लागणार की परत जाणार, हे त्या दिवशी ठरायचं होतं. भावांनी तिला अंथरुणासकट आणून जमिनीवर ठेवलं आणि तिच्या सांगण्यावरून चित्र छताला टांगलं. चित्रात आंब्याचं झाड होतं, पण खालून पाहिलेलं. नुसती पानं आणि पोपटांची पोटं!

राजेसाहेबांनी वर पाहिलं. मान आखडली, पगडी घरंगळली, पण नजर हटेना. शेवटी ते सरळ गालिच्यावर उताणे झाले. आता तिथला रिवाज असा, की राजापेक्षा कुणाचं डोकं उंच दिसता कामा नये. झालं! दिवाण आडवे, सरदार आडवे, चोपदार तर सोटा कवटाळून आडवा.

उभे राहिले एकटे चित्रशाळेचे मुख्य भाऊसाहेब टिपणीस. रागाच्या भरात त्यांना रिवाजाचं भानच नव्हतं.

"सरकार, चित्र बाद करा! चित्रकारानं उभं राहून मुजरा करायचा असतो. ही बया खुशाल लोळतेय. ऊठ गं!"

सगुणा म्हणाली, "अगंबाई! सरकार खाली असताना मी उभी राहू? एवढी छाती फक्त तुमचीच हो, भाऊसाहेब."

राजेसाहेबांनी खालूनच डोळे वटारले. भाऊसाहेब धाडकन आडवे झाले, ते नेमके चोपदाराच्या पोटावर.

"चित्र तिथंच राहील," राजेसाहेब म्हणाले, "आणि दरबार रोज असाच भरेल. बसून बसून माझी कंबर मोडलीय."